बालवाडीत मूल रुळते म्हणजे नेमके काय होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची असून आजवर आईवडिलांशिवाय कुणाकडे फारशी राहिलेली नाही. बालवाडी सुरू होऊन तिसरा आठवडा चालू आहे. पहिले काही दिवस ती हौसेने गेली, आता मात्र रोज दारात गळ्याला मिठी मारून रडते. तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांत ती शांत होते, असे शिक्षिका सांगतात. पण घरी आल्यावर क्षुल्लक कारणावरून आकांत मांडते आणि रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागली आहे. तिचे लक्ष खेळात असताना गुपचूप निघून जावे, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला आणि तुम्ही तो पाळत आहात. या रडण्याने तिला इजा होत आहे का आणि तिला काढून घेऊन एक वर्ष थांबावे का, हे तुम्हाला विचारायचे आहे.

या वर्णनात मला घाबरण्यासारखे काही दिसत नाही. बदलायला हवी अशी एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते, ती म्हणजे गुपचूप निघून जाणे. त्याकडे मी थोड्या वेळाने येते, कारण ते का थांबवायचे हे समजण्यासाठी मूल नव्या जागी रुळते कसे, हे आधी पाहावे लागेल.

दारातल्या रडण्यावरून मूल रुळले की नाही हे ठरवू नये. रडणे ऐकू येते, म्हणून आपण तेच मोजतो. लहान मुलाच्या मायेच्या नात्याचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांमध्ये जॉन बोल्बी यांच्याबरोबर मेरी एन्सवर्थ यांचे नाव घेतले जाते. साधारण वर्षा-दीड वर्षाच्या मुलांना अनोळखी खोलीत आईपासून काही मिनिटे दूर ठेवून एन्सवर्थ यांनी निरीक्षणे केली. त्यातून असे दिसले की आई जाताना मूल किती रडते यापेक्षा ती परत आल्यावर मूल काय करते, यावरून नात्याबद्दल अधिक कळते. जे मूल धावत येते, बिलगते, समजूत काढून घेते आणि पुन्हा खेळाकडे वळते, त्याला आपल्या माणसाचा भरवसा असतो. काही मुले आई गेल्यावर रडलीही नाहीत आणि आल्यावर तिच्याकडे फिरकलीही नाहीत; पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ती आतून मुळीच निवांत नव्हती, असे आढळले. तुमची मुलगी त्या वयाची नाही आणि बालवाडी ही प्रयोगाची खोली नाही, हे खरे. पण न रडणारे मूल सुखात आणि रडणारे दुःखात, हे समीकरण इथेही लागू पडत नाही.

याच विषयातले आणखी एक निरीक्षण अधिक बोचरे आहे. बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये दवाखान्यात दाखल झालेली लहान मुले पाहिली. त्या काळी आईवडिलांना भेटीची परवानगी फार क्वचित मिळे. मुले आधी आकांत करत, मग खचून गप्प होत आणि शेवटी जणू काही झालेच नाही अशी वागू लागत. परिचारिकांना हा शेवटचा टप्पा म्हणजे मूल रुळल्याची खूण वाटे. प्रत्यक्षात मुलाने आशा सोडलेली असे. तो दुरावा दिवसरात्रीचा होता, तुमच्या मुलीचा काही तासांचा आहे आणि ती रोज घरी येते, त्यामुळे दोन्हींची तुलना करून कृपया स्वतःला छळू नका. मी ते सांगितले ते एवढ्यासाठी की ‘पाच मिनिटांत गप्प होते’ हे उत्तर अपुरे आहे. गप्प झाल्यावर ती काय करते, हे विचारायला हवे.

काय विचारायचे, तेही सांगते. रडताना ती कुणा एका शिक्षिकेकडे जाते का, की कोपऱ्यात एकटी उभी राहते? जवळ घेतलेले तिला चालते का? गप्प झाल्यावर ती खेळायला हात घालते की दाराकडे बघत बसते? डबा खाते का, पाणी पिते का, शूला जायचे असल्यास सांगते का? पडली, कुणी ढकलले, हातातले खेळणे ओढून घेतले, तर कुणाकडे धाव घेते? यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुखले-खुपले असता ज्या दिवशी मूल तिथल्या एका विशिष्ट मोठ्या माणसाकडे आपण होऊन जाते, त्या दिवशी ते रुळायला लागले असे मी समजते. त्यानंतर दारात आणखी महिनाभर रडले तरीही. उलट दारात एक अश्रू न काढणारे, पण दिवसभर कुणालाच जवळ येऊ न देणारे मूल मला जास्त काळजीचे वाटते. असे मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

मुलाला शाळेची सवय होते ती अशी एका माणसामार्फत. इमारत, खेळणी, भिंतीवरची चित्रे यांची ओढ चार दिवस पुरते. तुमची मुलगी पहिले काही दिवस हौसेने गेली आणि नंतर रडू लागली, यात उलटे काही नाही. आपण इथे पाहुणे नसून रोज यायचे आहे, हे लक्षात आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडू लागणारी मुले पुष्कळ असतात.

बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात लहान मुलांना संस्थेत रुळवण्याची एक पद्धत आखली गेली आणि ती पुढे बरीच पसरली. तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर वर्गात साधारण तासभर बसतात आणि त्याला घेऊन घरी जातात. या काळात दूर जाण्याचा प्रयोग केलाच जात नाही. पालकाने कोपऱ्यात स्वस्थ बसायचे, मुलाला खेळायला ढकलायचे नाही, पण ते जवळ आले तर दूरही सारायचे नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जायचे, मात्र तो दिवस सोमवार असेल तर हा प्रयोग मंगळवारवर टाकायचा, कारण सुटीनंतर मूल पुन्हा थोडे परके झालेले असते. या वेळी मूल रडले की नाही हे पाहत नाहीत. शिक्षिकेने समजूत काढल्यावर ते शांत झाले का, एवढेच पाहतात. झाले तर दूर राहण्याचा वेळ हळूहळू वाढवतात. न झाल्यास पालक लगेच परत येतो आणि पुढचा प्रयत्न काही दिवस लांबवतात. काहींचे आठवडाभरात जमते, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. ही पद्धत मुख्यतः तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आखलेली असली तरी तिच्यातला विचार साडेतीन वर्षांच्या मुलीलाही तंतोतंत लागू होतो.

अनेक शाळा पालकांना वर्गात बसू देत नाहीत. त्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत; वीस मुलांच्या वर्गात वीस पालक बसले तर वर्ग चालणार नाही. तरीही दोन गोष्टींची विनंती कोणत्याही शाळेला करता येते. पहिली, सकाळी मुलीला रोज एकाच शिक्षिकेने हाताला धरून आत न्यावे. आज ही, उद्या ती, परवा मदतनीस, असे झाल्यास तिने भरवसा कुणावर ठेवायचा? दुसरी, गर्दी होण्याआधी दहा मिनिटे लवकर आल्यास चालेल का, असे विचारावे. दारात तीस जणांचा कल्लोळ असताना हात सोडवणे आणि शांत वर्गात शिक्षिकेच्या शेजारी बसून एखादे काम सुरू करणे, यांत फार अंतर आहे.

आता गुपचूप निघून जाण्याविषयी. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आणि त्या दिवसापुरता तो उपयोगी पडल्यासारखाही वाटतो, कारण रडणे तुम्हाला ऐकू येत नाही. पण मूल यातून काय शिकते ते पाहा. आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते, हे त्याला समजते. मग रमणे हेच धोक्याचे ठरते. असे मूल हातात खेळणे घेऊन नजर दारावर ठेवते, घरीसुद्धा तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी मागे येते, आणि सकाळी मिठी अधिक घट्ट करते. तुमच्या वर्णनातली मिठी कशातून आली असावी, याचा माझा अंदाज यावरून तुमच्या लक्षात आला असेल.

तेव्हा निरोप सांगून घ्यावा आणि तो लहान असावा. एक मिठी, एक ठरलेले वाक्य, मुलीचा हात शिक्षिकेच्या हातात, आणि मग मागे वळून न पाहता जाणे. वाक्यात दोन गोष्टी हव्यात: मी जात आहे, आणि मी अमुक वेळी येणार आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला घड्याळातले बारा कळत नाहीत. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी येते’ हे कळते. दिवसाचा क्रम शिक्षिकेकडून समजून घ्या, म्हणजे तुमचे वाक्य खरे ठरेल. ‘मी बाहेरच बसले आहे’ हे खोटे सांगू नका, कारण ते एक दिवस उघडे पडते. ‘तू रडणार नसशील तरच जाते’ असेही म्हणू नका. ती रडणारच आहे आणि तुम्हाला जायचेच आहे. ‘रडलीस नाही तर खाऊ देईन’ या वाक्याने रडणे हा गुन्हा ठरतो, आणि मुले मग रडणे लपवायला शिकतात. ‘तुला वाईट वाटते आहे, मला कळते आहे, ताई तुझ्याजवळ आहेत’ एवढे बोलणे पुरे.

निघाल्यावर परत फिरू नका. खिडकीतून डोकावणेही नको. पाय निघत नसेल तर शाळेपासून दूर जाऊन अर्ध्या तासाने फोन करा. शिक्षिकांना या फोनचा त्रास होतो असे पालकांना वाटते. सुरुवातीच्या दिवसांत तो घेणे हा त्यांच्या कामाचा भाग आहे. काही घरांत वडिलांनी किंवा आजोबांनी सोडल्यास मूल सहज आत जाते. याचा अर्थ आईशी नाते कमी-जास्त आहे असा नसतो, आईबरोबरच्या निरोपाला रडण्याची सवय जोडली गेलेली असते, एवढेच. तसा पर्याय असेल तर आठवडाभर वापरून पाहायला हरकत नाही. न्यायला जाण्याची वेळ मात्र कसोशीने पाळा. सगळी मुले गेल्यावर मागे उरलेल्या मुलाला सकाळचे तुमचे वाक्य खोटे वाटू लागते.

घरी येऊन ती आकांत मांडते, त्याने तुम्ही सर्वांत जास्त खचला आहात असे दिसते. शाळेत नीट वागते आणि आम्हालाच त्रास देते, असे तुम्ही लिहिले आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. रांगेत थांबणे, पाळी येईपर्यंत वाट पाहणे, ढकलले तरी न मारणे, अनोळखी आवाजात दिलेली सूचना समजून घेणे, हे सारे करताना साडेतीन वर्षांच्या मुलाला स्वतःला फार आवरावे लागते, आणि आवरण्याची ही क्षमता ज्या मेंदूभागावर अवलंबून असते त्याची वाढ तर तारुण्यापर्यंत चालू राहते. ताणाशी संबंधित कोर्टिसोल हे संप्रेरक एरवी सकाळी जास्त असते आणि दिवस चढेल तसे उतरत जाते; दिवसभर पाळणाघरात किंवा बालवाडीत राहणाऱ्या अनेक लहान मुलांमध्ये मात्र ते दुपारी उतरण्याऐवजी वाढलेले आढळते, तीच मुले घरी असतात त्या दिवशी असे होत नाही, आणि वय वाढते तसा हा फरक कमी होतो. दिवसभर धरून ठेवलेले सगळे ती तुमच्यापाशी सोडते, कारण तिथे ते सोडता येते हे तिला ठाऊक आहे.

म्हणून घरी आल्यावरचा पहिला तास रिकामा ठेवा. खायला-प्यायला द्या, जवळ बसा, बाकी काही नको. बाजारहाट, पाहुणे, दुसरा एखादा वर्ग, हे या महिन्यात टाळता आले तर टाळा. झोप पाहा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. शाळेमुळे दुपारची झोप बुडत असेल तर रात्रीची वेळ तेवढी अलीकडे आणावी लागेल. संध्याकाळचा निम्मा आकांत नुसत्या झोपेने कमी झालेला मी पाहिला आहे.

‘आज काय काय केलेस?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, त्याने नाराज होऊ नका. या वयाच्या मुलाला धागा दिल्याशिवाय दिवस आठवून सांगता येत नाही. ‘आज वाळूत खेळलात का? तिथे तुझ्या शेजारी कोण होते?’ असे विचारल्यास काहीतरी निघते. त्याहून जास्त खेळातून निघते. ती बाहुल्यांची शाळा मांडेल, स्वतः ताई होईल आणि बहुधा त्यांच्यावर ओरडेल. यावरून शाळेत ओरडतात असा निष्कर्ष लगेच काढू नये. हाती सत्ता आली की जवळजवळ सगळी मुले ओरडतात. खेळ चालू द्या, तुम्ही विद्यार्थी व्हा, आणि एखाद्या दिवशी तुम्ही रडणारा विद्यार्थी होऊन ती तुमची समजूत कशी काढते ते पाहा. शाळेत तिची समजूत कशी काढली जाते हे तुम्हाला बरेचसे कळेल.

अंथरूण ओले होण्याबद्दल बोलायचे तर पाच वर्षांपूर्वी रात्रीच्या ओले करण्याला आजार मानतच नाहीत, आणि मोठ्या बदलाच्या काळात सुटलेली सवय परत येणे नेहमीचे आहे. न रागावता चादर बदला. मात्र दिवसा ती शाळेत शू-शी धरून ठेवते का, ते विचारा. अनोळखी स्वच्छतागृह, जोरात येणारे पाणी, बंद दार यांची भीती वाटून मुले तासन्‌तास दाबून ठेवतात. त्यातून बद्धकोष्ठ होतो, आणि बद्धकोष्ठामुळेही लघवीवरचा ताबा सुटतो. एकदा तिच्याबरोबर शाळेच्या स्वच्छतागृहात जाऊन या, आणि तिला स्वतःला वर-खाली करता येतील असेच कपडे घाला. लघवी करताना जळजळ, ताप किंवा फार तहान असे काही दिसले तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

पहिल्या वर्षी सर्दी-खोकल्याचे दिवस येतील, बरेच येतील. मोठ्या गटात वावरणाऱ्या लहान मुलांना सुरुवातीला सर्दी अधिक वेळा होते आणि शालेय वयात ती इतरांपेक्षा कमी होते, असे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात दिसले आहे. आजारपणानंतर परत जाताना रडणे नव्याने सुरू होते. त्या वेळी पुन्हा दोन-तीन दिवस कमी वेळ ठेवावा.

ती शाळेत बोलतच नाही असे शिक्षिकेने सांगितले, तर पहिल्या महिन्यात त्याची चिंता करू नये. घरची आणि शाळेची भाषा वेगळी असेल तर हा मौनाचा काळ आणखी लांबतो आणि तोही स्वाभाविक आहे. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत सुरुवातीचा महिना उलटून गेल्यावरही पुढे महिनाभर एक शब्द बोलत नसेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा; त्याला ‘हट्टी’ किंवा ‘लाजाळू’ म्हणून सोडून देऊ नये.

राहिला एक वर्ष थांबण्याचा प्रश्न. तुम्ही सांगितले आहे तेवढ्यावरून मी तिला काढणार नाही. घरी घालवलेल्या वर्षात तिची भाषा वाढेल, ताकद वाढेल, पण परक्या माणसाच्या हाती स्वतःला सोपवण्याचा अनुभव तिला तिथे मिळणार नाही. तो पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल. अक्षरे-अंक येत नाहीत म्हणून थांबावे, असे कुणी सुचवत असेल तर ते कारण मुळीच नाही. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी संस्था काढली आणि १८४० मध्ये जिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तिथे मुले ठोकळे, चेंडू, गाणी आणि बागकाम यांत रमत. पेन्सिलीवर तीन बोटांची स्थिर पकड बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येते. साडेतीन वर्षांपासूनच पानेच्या पाने गिरवून घेणारी शाळा असेल, तर वेळ बदलण्याऐवजी शाळा बदलण्याचा विचार करा.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबणेच योग्य. आणखी तीन-चार आठवड्यांनंतरही तिची समजूत तिथे कुणालाच काढता येत नसेल. ती तिथे असेपर्यंत काही खात-पीत नसेल. घरीही बोलणे, खेळणे मंदावले असेल. एका विशिष्ट माणसाची किंवा खोलीची तिला भीती वाटत असेल, किंवा अंगावर खुलासा न होणाऱ्या खुणा असतील. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींत आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी शाळेत जाऊन विचारा आणि समाधान होईपर्यंत तिला पाठवू नका.

तसे काही नसेल तर काढून घेण्याआधी वेळ कमी करून पाहा. शाळा तयार असेल तर उद्यापासून दोन आठवडे तिला दीड तासच ठेवा, आणि ती रमलेली असतानाच न्यायला जा, म्हणजे रमण्याशी तुमचे जाणे नव्हे, तर येणे जोडले जाईल. नंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवा. वाढ सोमवारी करू नका, आणि एका आठवड्यात एकाहून अधिक वेळा करू नका. रोज जाणे चालू ठेवा, दिवसाआड नको, कारण खंड पडला की शिक्षिकेशी जुळू लागलेले नाते पुन्हा मागे जाते. शिक्षिकेला वर दिलेले प्रश्न या आठवड्यात एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. दोन्ही वेळची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावरही निर्णय होत नसेल, तर ती मला कळवा.